कार्बन-१४ ला एवढा वेळ का लागतो?

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं एक अख्खं गाव मातीखालून वर आलं. घरांच्या जमिनी, चुली, धान्य साठवायच्या जागा, आणि त्याच घरांच्या जमिनीत पुरलेली लहान मुलं, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन मडक्यांत. वस्तीची तीन पर्वं सांगतात : माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७००. यातलं एकही साल कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. जळक्या कोळशातल्या कार्बन-१४ वरून ही सालं ठरली.

त्याची रीत आता शाळेच्या पुस्तकातही असते. विश्वकिरणांमुळे हवेत कार्बन-१४ सतत तयार होत राहतो. झाड जिवंत आहे तोवर साध्या कार्बनबरोबर तोही त्याच्या अंगात येतो. प्रमाण अगदी किरकोळ, एक लाख कोटी अणूंमागे साधारण एक. झाड तुटलं की आवक थांबते, आणि आत असलेला साठा ५७३० वर्षांत निम्मा होतो. विलार्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास शिकागोत ही पद्धत उभी केली, आणि १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. तो ५७३० आकडा मात्र सगळीकडे नुसता दिलेला असतो, आणि दिलेला म्हणून आपण घेतो.

माझं मन वर्षानुवर्षं त्या आकड्यापाशी अडतं. अणुकेंद्राचं जे साधं गणित आम्ही शिकलो, त्याप्रमाणे कार्बन-१४ ने इतकं टिकायलाच नको.

त्याच्या केंद्रात सहा प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन असतात. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, आणि सात-सात कणांचं नायट्रोजन-१४ उरतं. केंद्राचा स्पिन, म्हणजे त्याची अंगभूत फिरकी, शून्याचा एक होतो, आणि पॅरिटी, म्हणजे आरशातल्या प्रतिमेशी असलेलं त्याचं नातं, तीच राहते. पुस्तकी नियमांप्रमाणे या वाटेत कसलाही अडथळा नाही. हेलियम-६ चा क्षय याच जातीचा, आणि त्याचं अर्धायुष्य एका सेकंदाच्याही आत आहे. आता कार्बन-१४ च्या क्षयात सुटणारी ऊर्जा फार थोडी आहे, जेमतेम ०.१५६ एमईव्ही (केंद्रातली ऊर्जा मोजायचं एकक), त्यामुळे तो सावकाश होणार हे खरं. पण ती सगळी सवलत देऊनही हिशेब दिवसांत येतो. प्रत्यक्षात लागतात हजारो वर्षं. क्षयाचा वेग अपेक्षेपेक्षा लाखो पटींनी मंद आहे. तो तसा नसता, तर कोळशाला वय राहिलं नसतं, आणि इनामगावची पर्वं आपण मडक्यांच्या घडणीवरून अंदाजाने लावत बसलो असतो.

या उशिराचं अर्धं कारण १९५० च्या दशकातच सापडलं होतं. बर्नार्ड जान्कोविची आणि इगाल ताल्मी यांनी १९५४ मध्ये दाखवलं, की क्षयाचा वेग ज्या एका संख्येवरून ठरतो तिच्यात एक धन आणि एक ऋण असे दोन वाटे असतात. केंद्रीय बलाचा एक भाग कणांच्या स्पिनच्या दिशा पाहून वागतो, त्याला टेन्सर बल म्हणतात. हा भाग त्या दोन वाट्यांना जवळजवळ सारखं करून ठेवतो. मोठ्यातून मोठं वजा जातं आणि हाती काही हजारांश उरतात. वेग या संख्येच्या वर्गावर अवलंबून, म्हणून हजारांशाचे दशलक्षांश होतात. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. पण त्या काळी टेन्सर बल किती धरायचं याला मोकळीक होती, आणि मोकळीक असली की अशी वजाबाकी जुळवून आणता येते. प्रोटॉन-न्यूट्रॉनमधली बलं स्वतंत्र प्रयोगांवरून ठरवली, चौदाही कण हिशेबात धरले आणि सोयीचं काहीच गृहीत धरलं नाही, तर हीच वजाबाकी आपोआप पुढे येते का? याचं उत्तर मिळायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला. त्या काळात जे घडलं ते मोजण्याच्या विद्येचा इतिहास आहे, आणि मला सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

एमएस्सीला असताना ऑक्सिजन-१८ चं गणित मी हाताने सोडवलं होतं. मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये मांडलेलं शेल मॉडेल सांगतं, की केंद्रातले कण कवचांत बसतात आणि २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या संख्यांना कवच पूर्ण होतं. ऑक्सिजन-१६ मध्ये आठ-आठ, म्हणजे दोन्ही बाजूंनी पूर्ण. उरलेले दोन न्यूट्रॉन वरच्या तीन कक्षांत कुठे बसतील एवढाच प्रश्न उरतो. एकूण स्पिन शून्य हवा असेल तर मॅट्रिक्स, म्हणजे सोडवायचा आकड्यांचा चौकोनी तक्ता, तीन बाय तीनचं होतं. वहीच्या एका पानावर ते मावलं, आणि जे केंद्र कुणाला डोळ्यांनी दिसणार नाही त्याच्या ऊर्जापातळ्या पेन्सिलीखालून उतरल्या. त्या दिवशीचा आनंद अजून कमी झालेला नाही.

पण पान फार लवकर अपुरं पडतं. सिलिकॉन-२८ घ्या. त्याच कवचात प्रोटॉनना बारा जागा, न्यूट्रॉनना बारा जागा, आणि बसायचंय सहा-सहा जणांना. सहा कण बारा जागांत ९२४ प्रकारे बसतात. दोन्हींचा गुणाकार ८,५३,७७६. स्पिनच्या दिशेची अट लावून चाळलं तरी ९३,७१० रचना शिल्लक राहतात. पुढच्या कवचातल्या निकेल-५६ मध्ये वीस जागांत आठ-आठ कण, आणि चाळून झाल्यावर उरणाऱ्या रचना १०८ कोटींहून जास्त. मॅट्रिक्सला तेवढ्या ओळी आणि तेवढेच स्तंभ. एवढं मॅट्रिक्स कुणी पूर्ण सोडवत नाही, सोडवायची गरजही नसते. आपल्याला सगळ्यात खालच्या दहा-पाच ऊर्जापातळ्या हव्या असतात. कॉर्नेलियस लान्चोश यांनी १९५० मध्ये दिलेली पद्धत नेमकी इथे कामाला येते. कुठलीही एक रचना घ्यायची, तिच्यावर मॅट्रिक्स लावायचं, निघालेल्यावर पुन्हा लावायचं, आणि दरवेळी आधीच्यांशी काटकोनात असलेला भाग तेवढा ठेवायचा. शे-दोनशे फेऱ्यांत खालच्या पातळ्या स्थिर होतात, मॅट्रिक्स कोट्यवधींचं असलं तरी. ग्लासगोच्या गटाने १९७० च्या दशकात ही युक्ती शेल मॉडेलमध्ये आणली. स्ट्रासबर्गच्या एतियेन कोरिए यांच्या 'आंत्वान' या प्रोग्रॅमने ती इतकी धारदार केली, की १९९४ मध्ये क्रोमियम-४८ चं सुमारे १९ लाख ६३ हजारांचं मॅट्रिक्स संपूर्ण कवच धरून सुटलं.

या पद्धतीला साथ देणारी आणखी एक गोष्ट आहे. मॅट्रिक्समधले बहुतेक आकडे शून्य असतात. बल दोन कणांमधलं असेल, तर एका फटक्यात फार तर दोन कणांच्या जागा बदलतात, आणि ज्या रचनांमध्ये त्याहून जास्त फरक आहे त्यांचा एकमेकींशी थेट संबंधच येत नाही. दोनऐवजी तीन कणांचं बल धरलं की हे शून्यांचं पठार भरायला लागतं. हे ध्यानात असू द्या.

मॅट्रिक्समध्ये भरायचे आकडे आणायचे कुठून, हा खरा अवघड प्रश्न. एक मार्ग प्रयोगांवरून उलट मोजण्याचा. ॲलेक्स ब्राउन आणि रिक्टर यांनी २००६ मध्ये सिलिकॉनच्या कवचासाठी ६६ आकड्यांचा संच ठरवला, तो मोजलेल्या ६०८ ऊर्जापातळ्यांशी ताडून. चूक सरासरी ०.१३ एमईव्हीच्या आसपास. प्रयोगशाळांत काम करणारी माणसं आजही हा संच वापरतात, आणि मला त्या कामाबद्दल अपार आदर आहे. पण 'का' विचारलं की तो गप्प बसतो. उत्तरांवरूनच बनवलेला संच कारण कुठून सांगणार?

दुसरा मार्ग मुळापासून चढण्याचा, आणि त्या वाटेवर एक नाव भेटतं तेव्हा ऊर भरून येतो. विजय पांढरीपांडे. जन्म १९४० चा, नागपूरचा. शिक्षण नागपूर विद्यापीठात, मग मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, आणि १९७२ पासून अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना इथल्या विभागात. २००६ मध्ये ते गेले. त्यांनी, त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी जी बलं रचली त्यांना 'अर्बाना' आणि 'इलिनॉय' अशी गावा-राज्याची नावं पडली, आणि आज केंद्रीय भौतिकीतला कुठलाही संशोधक ती नावं ओळखतो. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विरिंगा यांनी इतरांबरोबर १९९५ मध्ये 'आर्गॉन व्ही-१८' (हे आर्गॉन प्रयोगशाळेचं नाव, वायूचं नव्हे) हे दोन कणांमधलं बल दिलं. कण एकमेकांवर आदळवून मिळालेल्या हजारो मोजमापांशी ते बारकाईने जुळतं.

आणि तरीही ते पुरत नाही. दोन कणांसाठी इतकं अचूक असलेलं बल ट्रिटियमच्या तीन कणांना लावलं, की बंधन-ऊर्जा ७.६ एमईव्ही येते. मोजलेली आहे ८.४८. हेलियम-४ ला लावलं तर २४ च्या आसपास. मोजलेली २८.३. मोजणीत चूक नाही, एवढ्या थोड्या कणांचं गणित हवं तितकं अचूक करता येतं. तूट बलातच आहे.

तूट येते कारण प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे काही टणक ठिपके नव्हेत. एकाने सोडलेला पायॉन, म्हणजे केंद्रीय बल वाहून नेणारा हलका कण, दुसऱ्याने गिळला की तो दुसरा क्षणभर डेल्टा नावाच्या उत्तेजित अवस्थेत जातो. तो शांत व्हायच्या आत त्याच्याकडून सुटलेला पायॉन तिसऱ्यापाशी पोचला, तर ही घटना तिघांची झाली. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा अशा जोड्या लावून ती पुरी होत नाही. जुन-इची फुजिता आणि हिरोनारी मियाझावा यांनी हे १९५७ मध्येच लिहून ठेवलं होतं. पांढरीपांड्यांच्या गटाने ते बल गणितात बसवलं, जोडीला एक छोटा, कणांना दूर सारणारा भाग घातला, आणि मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक नमुने घेऊन मोजायच्या पद्धतीने एकेक केंद्र सोडवायला घेतलं. या पद्धतीत अंदाजाने एक वेव्ह फंक्शन (केंद्राच्या अवस्थेचं गणिती वर्णन) घेतात आणि काळ काल्पनिक धरून ते पुढे सरकवतात, की उत्तेजित अवस्थांची भेसळ आपोआप विरून खालची अवस्था उरते. ऐकायला सोपं आहे. पण कणांच्या प्रत्येक मांडणीसोबत स्पिनच्या सगळ्या शक्यता आणि कोण प्रोटॉन, कोण न्यूट्रॉन याच्या सगळ्या वाटण्या वागवाव्या लागतात. हेलियम-४ साठी त्या ९६ आहेत. कार्बन-१२ साठी ३७,८४,७०४. प्रत्येक कण वाढला की ओझं काही पटींनी वाढतं, म्हणून ही वाट बारा-तेरा कणांपाशी थकते. पण तिथवर ती जे देते ते खणखणीत आहे : ऊर्जा मोजलेल्या किमतींच्या एक-दोन टक्क्यांत, तिघांचं बल धरलं तर. नाही धरलं तर हलकी केंद्रंसुद्धा ठीक बांधली जात नाहीत.

मला राहून राहून एक योगायोग आठवतो. १९६० च्या दशकात टाटा इन्स्टिट्यूटमध्येच कार्बन-कालमापनाची प्रयोगशाळा होती, आपल्याकडच्या ताम्रपाषाणयुगीन स्थळांचे कोळसे तिथे तपासले जात. त्याच दशकात, त्याच संस्थेत, तरुण पांढरीपांडे केंद्रीय बलांवर काम करत होते. १९६४ मध्ये तिथे सीडीसी-३६०० हा त्या काळचा मोठा संगणक आला. एका दालनात कार्बन-१४ चे ठोके मोजले जात होते, एका ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये मिनिटाला सुमारे चौदा. ते ठोके इतके संथ का, याचं उत्तर ज्या बलात होतं त्याच्याशी पुढे ज्यांचं नाव जोडलं जाणार होतं, ते त्याच संस्थेत होते. एवढ्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. पण हे आठवलं की त्या समुद्रकाठच्या इमारतीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

२०११ मध्ये पीटर मारिस, जेम्स व्हॅरी, पेत्र नाव्रातिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जुना प्रश्न सोडवायला घेतला. पद्धत 'नो-कोअर शेल मॉडेल'. माझ्या वहीत ऑक्सिजन-१६ गोठवून ठेवलेला होता, इथे काहीच गोठवलेलं नाही, चौदाही कण मोकळे. बलं कायरल इफेक्टिव्ह फील्ड थिअरीतून, म्हणजे केंद्रीय बल पायरीपायरीने मांडणाऱ्या सिद्धांतातून आलेली, दोघांची आणि तिघांची एकाच मुळातून. मॅट्रिक्स सुमारे ८७ कोटी ओळींचं, आणि तिघांच्या बलामुळे शून्यांचं पठार भरून गेलेलं. ते मावेल असा संगणक टेनेसी राज्यात ओक रिज इथे होता. नाव जॅग्वार, नोव्हेंबर २००९ च्या यादीत जगातला सर्वांत वेगवान.

नुसतं दोघांचं बल धरलं तर क्षयाची ती संख्या ठणठणीत मोठी आली, म्हणजे कार्बन-१४ भराभर संपायला हवा. तिघांचं बल घातलं आणि कवचातल्या वाट्यांमध्ये मोठी वजाबाकी सुरू झाली. जे योगदान आजवर मोठं समजलं जात होतं ते साधारण दहा पटींनी खाली आलं आणि एकूण संख्या शून्याच्या जवळ जाऊन टेकली. जान्कोविची आणि ताल्मी यांनी पाहिलेली वजाबाकी खरी होती, तिला शेवटपर्यंत नेणारा हात तिसऱ्या कणाचा होता. इनामगावच्या कोळशात आजही कार्बन-१४ शिल्लक आहे त्याचं मोठं श्रेय या तिघांच्या बलाला जातं.

वर्गात हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "पण सर, ५७३० तर आधीच माहीत होतं. मग एवढा मोठा संगणक कशासाठी लावला?" प्रश्न अगदी वाजवी होता, आणि त्याचं उत्तर मी तिला दिलं तसंच इथे देतो. त्या गणितातून ५७३० हा आकडा निघालाच नाही, आणि निघाला असता तर मी त्याच्याकडे संशयाने पाहिलं असतं. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी शून्याजवळ आली, की बलातला इवलासा बदलही उत्तराला दुप्पट-चौपट करतो. वर्षं अचूक सांगण्याची ऐपत कुणाच्याच बलात अजून नाही, आणि त्या संशोधकांनी तसा दावाही केला नाही. त्यांना सांगता आलं ते कारण. संगणकात तिघांचं बल काढून टाकता येतं, पुन्हा घालता येतं, आणि दोन्ही वेळा केंद्र कसं वागतं ते शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. प्रयोगशाळेत हे कधीच शक्य नाही, निसर्ग तिघांचं बल बंद करून दाखवत नाही. या मोजण्याला कुणी नुसता आकडेमोडीचा धंदा म्हटलं की मला वाईट वाटतं ते यामुळेच.

काम तिथे संपलंही नाही. २०१४ मध्ये आंद्रेयास एकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी हाच क्षय कपल्ड-क्लस्टर पद्धतीने तपासला. ही पद्धत फ्रिट्झ कोस्टर आणि हेरमान क्यूमेल यांच्या हातून १९५० च्या दशकाच्या शेवटी अणुकेंद्रासाठी जन्मली, रसायनशास्त्राच्या घरी दिली गेली, तिथे तिने मोठा संसार थाटला, आणि २००० नंतर माहेरी परतली ती खूप काही शिकून. त्यांना दिसलं, की अर्धायुष्य तिघांच्या बलावर अवलंबून आहेच, शिवाय नायट्रोजन-१४ च्या पहिल्या उत्तेजित एक-स्पिन पातळीच्या ऊर्जेवर आणि आणखी एका परिणामावर ते हलतं : क्षय होताना न्यूट्रॉन एकटा नसतो, शेजारचा कणही त्या घटनेत भाग घेतो. हाच शेजाऱ्याचा वाटा २०१९ मध्ये हलक्या केंद्रांपासून टिन-१००पर्यंत तपासला गेला, आणि बीटा-क्षय (कार्बन-१४ च्या जातीचे क्षय) गणितापेक्षा सतत मंद का येतात या पन्नास वर्षांच्या कोड्याचा मोठा भाग सुटला.

बदललं ते आणखी एका बाजूने. त्याच २०१९ मध्ये एकस्ट्रॉम आणि गौटे हागेन यांनी ऑक्सिजन-१६ चं गणित बलातले सोळा स्थिरांक फिरवत दहा लाखांहून जास्त वेळा केलं, साध्या लॅपटॉपवर, तासाभरात. मोजकी गणितं पूर्ण अचूक करायची, आणि त्यांच्या वेव्ह फंक्शन्सच्या मिश्रणातून बाकीची काढायची, अशी ती युक्ती आहे. नेहमीच्या रीतीने याला वीसेक वर्षं लागली असती. वेग वाढला हे छानच, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरंच. दहा लाख उत्तरं शेजारी ठेवता आली की उत्तर किती डळमळीत आहे ते सांगता येतं. वहीतल्या तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सने मला एक आकडा दिला होता, त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे सांगितलं नव्हतं.

याची खरी गरज आता पडणार आहे. कार्बन-१४ चं उत्तर माहीत होतं आणि कारण शोधायचं होतं. जर्मेनियम-७६ च्या बाबतीत उत्तरच माहीत नाही. अशा क्षयात इलेक्ट्रॉनबरोबर न्यूट्रिनो नावाचा अतिशय हलका कणही एरवी बाहेर पडतो. तो स्वतःचाच प्रतिकण असेल, तर या केंद्रातले दोन न्यूट्रॉन एकदम प्रोटॉन होतील आणि एकही न्यूट्रिनो बाहेर पडणार नाही. इटलीत ग्रान सास्सो पर्वताखाली गेर्डा प्रयोगाने २०२० पर्यंत वाट पाहिली. घटना दिसली नाही, आणि निष्कर्ष निघाला की तिचं अर्धायुष्य १.८ गुणिले दहाचा सव्विसावा घात, निदान इतक्या वर्षांचं तरी असलं पाहिजे. उद्या कुणाला ती दिसली, तर अर्धायुष्यावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाकडे जायला मधली एक संख्या लागेल, कार्बन-१४ मध्ये वजा होऊन शून्याजवळ गेली तशीच. ती कुठल्याही प्रयोगात मोजता येत नाही, फक्त गणिताने काढता येते. वेगवेगळ्या मॉडेलांनी तिच्या किमती दोन-तीन पटींच्या फरकाने दिल्या होत्या आणि कुणाचं ऐकावं हे कळत नव्हतं. २०२४ मध्ये मुळापासून चढत जाणाऱ्या गणिताने ती अनिश्चिततेसकट पहिल्यांदा काढली : २.६०, वर १.२८ आणि खाली १.३६ची शंका ठेवून. जवळजवळ निम्मी शंका. ती कमी करायचं काम सध्या सुरू आहे.